‘हिरव्या नरका’तली एक फेरी

लेकीकडे किंवा मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या मैत्रिणी काय काय पाहून येतात, ते आपण नेहमीच ऐकतो. ऱ्हाईन नदीतली नौका, कोलोनचं ते आभाळाला टेकलेलं चर्च, चॉकलेटची दुकानं आणि बर्फात काढलेला फोटो! तेही सगळं सुंदरच आहे. पण आज मी तुम्हांला अशा ठिकाणी घेऊन जाणार आहे, की जिथलं नाव ऐकून माझ्या धाकट्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, “अहो वहिनी, तिथं बायका जातात तरी का?” जातात, बरं का! नुसत्या जात नाहीत, गाडीसुद्धा चालवतात.

ठिकाणाचं नाव नुर्बुर्गरिंग. जर्मनीतला मोटार शर्यतींचा जुना आणि जगप्रसिद्ध रस्ता. माझी लेक बॉनला असते. तिथून मोटारीनं तासाभराची वाट. वाटेत आर नदीचं खोरं लागतं. दोन्ही बाजूंच्या चढांवर द्राक्षांचे मळे, खाली चिमुकली गावं. २०२१ च्या जुलै महिन्यात याच नदीला महापूर आला आणि गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. आम्ही सांगलीची माणसं. पूर म्हटला की आमचा जीव आधीच गोळा होतो! त्या पुराच्या दिवसांत मदत करणाऱ्या पथकांचा मोठा तळ या शर्यतीच्या रस्त्याच्या आवारातच पडला होता, हे लेकीनं सांगितलं, तेव्हा या जागेबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला.

खोरं सोडून वर चढलं, की आयफेलचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. दाट झाडी, थंड वारा, मधूनच धुकं. मध्ये एका टेकडीवर बाराव्या शतकातला नुर्बुर्ग किल्ला उभा आहे. त्याच्यावरूनच या रस्त्याला नाव पडलं. रिंग म्हणजे कडं. किल्ल्याभोवती घातलेलं रस्त्याचं कडं!

आता हे कडं इथं का घातलं, तेही ऐकण्यासारखं आहे. हा मुलूख पूर्वी फार गरीब. जमीन हलकी, हिवाळा कडक. लोक त्याला ‘प्रशियाचा सायबेरिया’ म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर हाताला काम नव्हतं. तेव्हा आडेनाउ जिल्ह्याचे प्रमुख ओटो क्रॉइट्स यांनी शर्यतीचा रस्ता बांधायची कल्पना उचलून धरली. १९२५ च्या सप्टेंबरात पायाभरणी झाली आणि १९२७ च्या जूनमध्ये पहिली शर्यत लागली. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीचे रस्ते होतात ना, तसाच हा रस्ता. बेकारांच्या हातांनी झालेला. फरक इतकाच, की आज जवळजवळ शंभर वर्षांनंतरही साऱ्या पंचक्रोशीची चूल त्याच्यावर पेटते.

यातला मूळचा, डोंगरातून जाणारा भाग म्हणजे नॉर्डश्लाइफं. म्हणजे उत्तरेचा फेरा. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं ७३, आणि सर्वांत खालच्या ठिकाणापासून सर्वांत वरच्या ठिकाणापर्यंत चढ साधारण ३०० मीटरचा. हे आकडे मी पाठ केले नव्हते, ते आपोआप पाठ झाले! एका फेऱ्यात तुम्ही रान पार करता, दरीत उतरता, पुलावरून जाता, पुन्हा डोंगर चढता. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हे इथं नित्याचं. जॅकी स्ट्युअर्ट या स्कॉटिश शर्यतपटूनं १९६८ साली इथं पाऊस आणि धुक्यात शर्यत जिंकली, चार मिनिटांहून जास्त अंतरानं. त्यानंच या रस्त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं. ते नाव कायमचं चिकटलं.

नरक म्हणायला कारण होतं. १ ऑगस्ट १९७६ ला निकी लाउडा या ऑस्ट्रियन जगज्जेत्याची गाडी इथं आदळून पेटली. रस्ता सुरक्षित नाही, शर्यत घेऊ नका, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. बाकीच्यांचं मत पडलं नाही. त्याला जळत्या गाडीतून बाहेर काढलं ते बरोबरच्याच चार शर्यतपटूंनी. सहा आठवड्यांनी तो चेहऱ्याला पट्ट्या बांधून पुन्हा शर्यतीत उतरला. पण फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या फेऱ्यावर पुन्हा कधी झाली नाही. १९८४ साली शेजारीच नवा, लहान ट्रॅक बांधला गेला.

मग हा जुना रस्ता ओस पडला का? मुळीच नाही. इथल्या मोठ्या शर्यती चालूच आहेत, आणि ज्या दिवशी शर्यत किंवा कारखान्यांच्या गाड्यांची चाचणी नसते, त्या दिवशी कोणीही पैसे भरून स्वतः गाडी चालवू शकतं. शर्यतीचा वेगळा परवाना लागत नाही. साधं लायसन्स पुरतं. त्या वेळात हा रस्ता कायद्यानं टोलचा एकेरी रस्ता मानला जातो. फाटकाशी कार्ड दाखवायचं, आडवा दांडा वर जातो आणि तुम्ही आत!

माझ्या डोक्यात हे खूळ कोणी घातलं म्हणाल, तर दोन बायकांनी. दोघींची ओळख करून देते.

पहिली एलिश्का युंकोव्हा, चेकोस्लोव्हाकियाची, १९०० साली जन्मलेली. तिच्या नवऱ्याला मोटार शर्यतींचा भारी नाद. पण महायुद्धात त्याच्या हाताला दुखापत झालेली, त्यामुळे गिअर बदलताना त्रास व्हायचा. ही आधी मदतनीस म्हणून शेजारी बसायची, मग स्टिअरिंगवर बसली. १९२७ साली, रिंग अगदी नवी असताना, ती इथं शर्यतीत उतरली. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या अवघड शर्यतीआधी तिनं रस्ता पायी चालून वळणांच्या खाणाखुणा मनात टिपून ठेवल्या होत्या. १९२८ साली त्या शर्यतीत ती पाचवी आली. आणि त्याच वर्षी जुलैत, इथेच नुर्बुर्गरिंगवर, तिचा नवरा अपघातात गेला. तिनं शर्यती सोडल्या त्या कायमच्या. पुढं ती १९९४ पर्यंत जगली.

दुसरी सबिने श्मिट्स. ही इथलीच, रिंगच्या कुशीतली. आईवडिलांचं हॉटेल याच गावात. हॉटेलच्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली ही मुलगी १९९६ आणि १९९७, अशी लागोपाठ दोन वर्षं इथली २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या चमूत होती. ही शर्यत जिंकणारी ती पहिली बाई. पाहुण्यांना शेजारी बसवून ती ‘रिंग टॅक्सी’ चालवायची. तिच्याच अंदाजानं तिनं २० हजारांहून जास्त फेऱ्या मारल्या असतील. २००५ मध्ये इंग्लंडच्या टेलिव्हिजनसाठी तिनं सामान वाहायची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन १० मिनिटं ८ सेकंदांत या फेऱ्यातून काढली. आपल्या टेम्पोसारखी गाडी हो! १६ मार्च २०२१ ला कर्करोगानं ती गेली, अवघी ५१ वर्षांची. त्याच वर्षी नॉर्डश्लाइफंच्या पहिल्या वळणाला तिचं नाव देण्यात आलं.

एलिश्काची हकीकत मला लेकीनं वाचून दाखवली, तेव्हा मी गप्पच झाले. कारण आमच्या घरीही असंच घडलं. सहा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. समोरचं स्वच्छ दिसे, पण बाजूचं दिसेनासं झालेलं. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस! त्यांनी किल्ली काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेव्हापासून दवाखाना, लग्नकार्य, बाजारहाट, सगळं माझ्या हाती. सांगली-मिरज रस्ता रात्री समोरच्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर घेत मी कापते, आणि शेजारी बसलेले हे आपला उजवा पाय जमिनीवर दाबत असतात, जणू तिथं ब्रेकच आहे! बोलत काही नाहीत. पण तो पाय मला दिसतो. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या ज्या गाडी चालवतात, त्यांना तो शेजारचा पाय चांगलाच माहीत असेल.

म्हणून लेक म्हणाली, “आई, शिकवणारी बाई शेजारी बसते, दोन सीटची छान गाडी मिळते, बसतेस का?” तेव्हा मी हो म्हणून टाकलं. जावईबापूंनी आधीच चौकशी करून ठेवली होती. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “माझं काय, मी काठावर बसून आवाज ऐकेन.”

गाडी लाल, बुटकी, माझदा कंपनीची, दोघांपुरतीच. आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायला खाली वाकतो तसं वाकायचं. आणि सगळंच उलटं! स्टिअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हाताला. डावा हात सवयीनं गिअर शोधायला जातो आणि दाराला लागतो. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेल्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी अर्धा तास गाडी हलूच दिली नाही. आधी बसणं. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पोचलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या जागी. हे तुम्ही उद्या आपल्या गाडीत बसून करून पाहा. पाठदुखीसुद्धा कमी होईल.

मग तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. पहिली, ब्रेक लावायचा तो सरळ रस्त्यावर, वळणाआधी. का? तर टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. तेवढ्यात पकड ठरावीकच. ती सगळी ब्रेकवर खर्च झाली, तर वळायला उरत नाही. मी मनात म्हटलं, हे तर महिन्याच्या पगाराचंच गणित! दुसरी, वळणाच्या मध्ये घाबरून ऍक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढायचा नाही. गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. भरलेली घागर कमरेवर घेऊन चालताना अचानक थांबलं तर पाणी हिंदकळतं, तसंच. सगळं सावकाश, गुळगुळीत.

आणि तिसरी, नजर. “गाडी तिथं जाते, जिथं तुम्ही बघता,” त्या म्हणाल्या. कठड्याकडं बघाल तर कठड्याकडं जाल. समोरच्या बॉनेटकडं बघायचं नाही. वळणात शिरण्याआधी डोळे त्याच्या पलीकडं पोचलेले हवेत.

पहिली फेरी त्यांनी चालवली आणि मला नावं सांगितली. प्रत्येक तुकड्याला नाव आहे, आपल्याकडं शेताच्या तुकड्यांना असतं तसं. फुक्सरोअरं म्हणजे कोल्ह्याची नळी, बेर्गवेर्क म्हणजे खाण, श्वालबेनश्वान्झ म्हणजे पाकोळीची शेपूट. एक गाल्गेनकोप्फसुद्धा आहे, म्हणजे फाशीचा माळ! तो शेवटी येतो, हे बरं.

मग जागा बदलली. दांडा वर गेला. छातीत धडधड अशी, की इंजिनाची कोणती आणि माझी कोणती ते कळेना. सबिनेच्या वळणावर मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला. पुढं झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते, डावं-उजवं, डावं-उजवं, विणकामातल्या उलट-सुलट टाक्यांसारखं. बाई शांतपणे सांगत होत्या, ब्रेक, सोडा, बघा, आता द्या. मागून कोणी आलं, की उजवा दिवा लावून उजवीकडं राहायचं. मागच्यानं डावीकडूनच पुढं जायचं, हा इथला कडक नियम. किती गेले म्हणून सांगू! घोंघावत यायचे आणि दिसेनासे व्हायचे. मला त्याची लाज वाटली नाही. आरशात बघायचं, वाट द्यायची, आपलं चालवायचं.

कोल्ह्याच्या नळीत रस्ता एकदम खाली धावतो आणि तळाशी गेल्यावर अंग दुप्पट जड झाल्यासारखं सीटमध्ये रुततं. तिथून चढ, आंधळं वळण, पुन्हा उतार, आणि ब्राइटशाइडच्या पुलाशी सगळ्यांत खालचं ठिकाण. बेर्गवेर्कनंतरचा लांब चढ मात्र मला फार आवडला. गाडी गुणगुणायला लागली, काटा १२० वर गेला आणि माझ्या लक्षात आलं, की माझी बोटं स्टिअरिंगवर सैल आहेत. मिरजेच्या रस्त्यावर ४० च्या वेगालाही ती इतकी सैल कधी नसतात.

पुढं कारुसेल, इथलं सगळ्यांत प्रसिद्ध वळण. वळणाची आतली बाजू काँक्रीटची, परातीच्या काठासारखी तिरपी. वेग कमी करून आतली चाकं त्या उतारात सोडायची, मग गाडीच तुम्हांला गोल फिरवून आणते. दात वाजतात, जात्यावर बसल्यासारखं अंग हलतं. “झाडाच्या शेंड्याकडं बघा,” बाई ओरडल्या. बघितलं, आणि आम्ही बाहेर! तिथून होहं आख्ट या आयफेलच्या सर्वांत उंच शिखराच्या बाजूनं रस्ता जातो, मग पाकोळीची शेपूट, फाशीचा माळ, आणि शेवटी डोटिंगर होहंचा लांबलचक सरळ रस्ता. तिथं श्वास सोडला. पंधरा मिनिटं झाली असतील, पण बाहेर आल्यावर हातपाय दिवाळीचा फराळ एका दिवसात केल्यासारखे दमले होते. ब्रेक तापून वास सुटला होता. अशा वेळी हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करायची, हेही शिकले.

दुपारी आम्ही सगळे ब्रुन्नशेन नावाच्या वळणाशी गेलो. तिथं माणसं घड्या घालायच्या खुर्च्या, डबे, मुलंबाळं घेऊन गाड्या बघायला बसतात, अगदी कृष्णाकाठच्या सहलीसारखी. आम्हीही थेपले काढले. हे कुंपणाशी डोळे मिटून उभे होते. “हा दुसऱ्यावर उतरला. ह्यानं घाई केली. हा बघ, हा बरोबर आला,” असं सांगत होते. जावईबापू बघून मान डोलवत होते, कारण त्यातलं बहुतेक बरोबर निघत होतं. मग मला म्हणाले, “तू वळणात पाय काढला नाहीस ना?” मी म्हटलं, नाही. “मग झालं तर,” एवढंच बोलले.

आता गावी येऊन तीन महिने झाले. रात्री मिरजेहून येताना मी समोरच्या दिव्यांकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर, लांब नजर ठेवते. डोळे दिपत नाहीत. वळणाआधीच वेग उतरवते. आणि शेजारचा तो पाय? मागच्या आठवड्यात अंकलीच्या पुलावरून येताना पाहिलं, तर हे मान टाकून गाढ झोपले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. याहून मोठं बक्षीस मला कोणतं मिळणार?

तुमच्यापैकी कोणी तिकडं जाणार असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

हा रस्ता पर्यटकांसाठी साधारण मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत खुला असतो, पण रोज नाही आणि दिवसभरही नाही. तारीख-वेळ आधी पाहून जा. धुकं किंवा अपघात झाला, तर मध्येच बंद होतो.

आपल्याकडच्या आर. टी. ओ. मधून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच काढून घ्या. मूळ लायसन्सही बरोबर लागतं.

विमानतळावर भाड्यानं घेतलेली साधी गाडी या रस्त्यावर न्यायला भाडेकरारात बहुधा मनाई असते. गावात खास या रस्त्यासाठी गाड्या देणारे आहेत, त्यांच्याकडूनच घ्या, आणि शिकवणारं माणूस शेजारी घ्याच. कठडा मोडला तर त्याचे पैसे भरावे लागतात. विम्यात काय येतं ते आधी विचारा, सहीचा कागद नीट वाचा.

पायांत बंद, पातळ तळाचे बूट हवेत. साडी-ओढणी नको. आदल्या रात्री झोप पुरेशी, आणि पोट अर्धं भरलेलं!

गाडी चालवायची नसली, तर ब्रुन्नशेनशी नुसतं बसून पाहायलाही मजा येते. आपल्या देशातही असे ट्रॅक आहेत. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथं, कोईमतूरजवळ कारी स्पीडवे आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. तिथं शिकवण्याचे वर्ग कधी असतात, याची चौकशी करायला हरकत नाही.

आणि एक शेवटचं. चाळिशीनंतर वर्षातून एकदा घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांतला दाब तपासून घ्या. काचबिंदू चोरपावलांनी येतो, दुखत नाही, खुपत नाही. आमच्याकडं तो उशिरा कळला. तुमच्याकडं तसं होऊ नये.